‘त्रेसष्ट’ ऐकले आणि ‘३६’ लिहिले: संख्या हाताळताना मन स्वतःला कसे आवरते

माझी भाची दुसरीत असताना एका संध्याकाळी मी तिला संख्यांचे श्रुतलेखन घालत होतो. ‘अठरा’, ‘सत्तर’, ‘पन्नास’ हे सगळे बरोबर आले. ‘त्रेसष्ट’ म्हणताच मात्र तिने क्षणाचाही विलंब न लावता वहीत ३६ लिहिले. मी काही न बोलता काड्यांच्या जुड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि ‘आता त्रेसष्ट काड्या दे’ म्हटले. तिने दहा-दहाच्या सहा जुड्या सरकवल्या, तीन सुट्या काड्या शेजारी ठेवल्या, मग वहीकडे पाहिले आणि स्वतःच खोडरबर उचलले. त्रेसष्ट म्हणजे किती, हे तिला पक्के ठाऊक होते. तरीही हात ३६ लिहून मोकळा झाला, कारण कानावर ‘त्रे’ आधी पडले आणि हाताने त्याच क्रमाने तीन आधी उमटवला.

मराठीत ज्यांचे एकमेकांशी पटत नाही त्यांच्यात ‘छत्तीसचा आकडा’ आहे असे आपण म्हणतो, कारण ३ आणि ६ या अंकांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली असते. ६३ मध्ये मात्र ते समोरासमोर येतात. त्या संध्याकाळी भाचीच्या डोक्यातही दोन गोष्टींमध्ये छत्तीसचाच आकडा होता. तिला असलेले ज्ञान एक सांगत होते आणि सवयीने आपोआप वर आलेला क्रम दुसरेच सांगत होता. अशा वेळी योग्य उत्तराला वाट करून देणारी आणि आधी धावून आलेल्या उत्तराला थोपवणारी मनाची जी क्षमता असते, तिला मानसशास्त्रात बोधनिक नियंत्रण असे म्हणतात. गणितात चुकणाऱ्या मुलाकडे पाहताना आपण बहुधा ‘याला येत नाही’ असे म्हणून मोकळे होतो. परंतु गेल्या काही दशकांतील संशोधन पाहिले, तर पुष्कळ चुका अज्ञानातून नव्हे, तर माहीत असलेल्या दोन गोष्टींच्या संघर्षातून होतात असे दिसते, आणि हा फरक शिकवणाऱ्याने ओळखणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते.

बोधनिक नियंत्रण म्हणजे काय, हे समजून घेण्याचा सर्वात सोपा मार्ग १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिला. ‘हिरवा’ हा शब्द तांबड्या शाईत लिहून ठेवा आणि समोरच्याला शब्द न वाचता फक्त शाईचा रंग सांगायला लावा. उत्तर ‘तांबडा’ आहे हे त्याला माहीत असते, पण ओठांवर ‘हिरवा’ येऊ लागते, तो अडखळतो आणि साध्या रंगीत चौकोनाचा रंग सांगायला लागला असता त्याहून अधिक वेळ घेतो. वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की ते थांबवावे लागते. ते आपण होऊन थांबत नाही. या थांबवण्याला आपण ‘आवर’ म्हणू. नियंत्रणाची आणखी दोन अंगे मानली जातात: एका नियमावरून दुसऱ्या नियमाकडे वळणे, आणि हातातले काम संपेपर्यंत आवश्यक माहिती डोक्यात ताजी ठेवून तिच्यात फेरबदल करत राहणे. या तिन्ही गोष्टी संख्यांच्या कामात जागोजागी लागतात, परंतु सर्वात कमी ओळखली जाणारी आणि सर्वात जास्त घोटाळे करणारी गोष्ट म्हणजे आवर, म्हणून या लेखात तिच्याकडेच अधिक लक्ष देत आहे.

स्ट्रूपच्या प्रयोगाचे संख्यांतले रूप घरी सहज करून पाहता येते. एका कागदावर डावीकडे खूप मोठ्या आकारात ३ लिहा आणि उजवीकडे बारीक अक्षरात ५ लिहा, आणि कोणालाही विचारा, ‘कागदावर कोणता अंक आकाराने मोठा लिहिला आहे?’ प्रश्नाचा किमतीशी काहीच संबंध नाही. डोळ्यांनी पाहून उत्तर देता येते. तरीही ३ लहान आणि ५ मोठा लिहिलेला असताना लोक जितक्या चटकन उत्तर देतात, तितक्या चटकन ते वरच्या जोडीला देत नाहीत. फरक सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाचा असतो, पण प्रयोगशाळेत तो पुन्हा पुन्हा मोजला गेला आहे. १९८२ साली इस्रायलमधील अविषाई हेनिक आणि योसेफ त्सेल्गोव्ह यांनी या परिणामाचा जो तपशीलवार अभ्यास केला, त्यातून हे स्पष्ट झाले की अंक दिसला की त्याची किंमत मनात आपोआप जागी होते, ती नको असली तरीही.

यातला सर्वात बोलका भाग लहान मुलांचा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात पहिलीच्या सुरुवातीला असलेल्या मुलांमध्ये हा अडथळा दिसला नाही, वर्षाच्या अखेरीस मात्र तो दिसू लागला. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला ती मुले मोठ्या आकारातला ३ पाहून बिनदिक्कत ‘हा मोठा’ म्हणत होती, कारण ३ ची किंमत अजून त्यांच्या मनात स्वतःहून उसळून येत नव्हती. ज्याला वाचता येत नाही त्याला ‘हिरवा’ हा शब्द तांबड्या शाईतही त्रास देत नाही, तसेच हे आहे. अडखळणे हे इथे प्रगतीचे लक्षण आहे. ज्ञान अंगवळणी पडते तसतसे ते नको तेव्हाही पुढे येऊ लागते, आणि मग ते आवरण्याची ताकदही त्याच्या जोडीने वाढावी लागते. मुलाने काल बरोबर केलेली गोष्ट आज चुकवली, तर पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या वेळी ही शक्यता त्यांनी लक्षात घ्यावी असे मला मनापासून वाटते.

एकेरी अंकांवरून आपण दोन अंकी संख्यांकडे वळलो की गोष्ट अधिक गुंतागुंतीची आणि माझ्या मते अधिक सुंदर होते. १९६७ साली रॉबर्ट मॉयर आणि थॉमस लँडॉवर यांनी दाखवले होते की दोन अंकांपैकी मोठा कोणता हे ओळखताना त्यांच्यातले अंतर जितके जास्त, तितके उत्तर लवकर येते. २ आणि ९ यांत निवड करणे ८ आणि ९ यांत निवड करण्यापेक्षा सोपे जाते, जणू काही अंक मनातल्या एखाद्या मोजपट्टीवर ठेवलेले आहेत. मग दोन अंकी संख्याही अशाच अखंड राशी म्हणून त्या पट्टीवर जाऊन बसत असतील, असे बराच काळ मानले जाई. २००१ साली जर्मनीत हान्स-क्रिस्टोफ न्युर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीला धक्का दिला.

त्यांची युक्ती साधी होती. ४२ आणि ५७ ही जोडी घ्या. दशकांत ४ पेक्षा ५ मोठा आहे आणि एककांतही २ पेक्षा ७ मोठा आहे. दोन्ही अंक एकाच दिशेला बोट दाखवतात. आता ४७ आणि ६२ घ्या. दशकांत ६ मोठा आहे, म्हणून ६२ मोठी. परंतु एककांत ७ हा २ पेक्षा मोठा आहे आणि तो विरुद्ध बाजूला ओढतो. दोन्ही जोड्यांतले अंतर १५ च आहे. संख्या जर अखंड राशी म्हणूनच तोलल्या जात असत्या, तर दोन्ही जोड्यांना सारखाच वेळ लागायला हवा होता. प्रत्यक्षात दुसऱ्या जोडीला अधिक वेळ लागतो आणि तिथे चुकाही जास्त होतात. दशक वेगवेगळे असताना एककाकडे पाहण्याची काहीच गरज नसते, तरी मन एककांचीही तुलना करून बसते आणि नंतर त्या निरुपयोगी निकालाला बाजूला सारावे लागते. पुढे हा परिणाम इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येही आढळला, त्यामुळे तो केवळ जर्मन भाषेतील संख्यानामांच्या घडणीतून आलेला नाही.

इथपर्यंत चित्र असे दिसते की मन आपोआप गोंधळ घालते आणि नियंत्रण तो निस्तरते. परंतु नियंत्रण त्याहून चतुर आहे. ते परिस्थिती पाहून आपला पवित्रा बदलते. २०११ च्या सुमारास स्पेनमधील पेद्रो मासिझो आणि अम्पारो एर्रेरा यांनी तुलनेच्या जोड्यांच्या यादीतच फेरफार करून पाहिला. यादीत ४३ आणि ४७ यांसारख्या, म्हणजे एकाच दशकातल्या जोड्या मिसळल्या तर एककाकडे लक्ष देण्यावाचून गत्यंतर नसते, कारण दशक सारखाच असतो. अशा जोड्या यादीत भरपूर असल्या की लोक एककांना मान देऊ लागतात, आणि मग ४७ व ६२ यांसारख्या जोडीत त्याच एककांची लुडबूड अधिक जाणवते. अशा जोड्या थोड्या असल्या की एककांकडे काणाडोळा करणे परवडते आणि लुडबूड ओसरते. समोरचा अंक तोच, किंमत तीच, डोळे तेच. तरी त्या अंकाचा मनावर किती प्रभाव पडावा हे आजूबाजूच्या कामाचा रागरंग ठरवतो. ‘अंक आपोआप वाचला जातो’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे.

हा पवित्रा बदलण्याचा हुकूम कोण देते, या प्रश्नाचे एक बहुचर्चित उत्तर मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडले. मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भिंतीला लागून असलेला अग्र सिंग्युलेट नावाचा पट्टा दोन उत्तरांमधली ओढाताण हेरतो आणि कपाळामागच्या भागाला लक्ष आवळण्याचा इशारा देतो, असे ते उत्तर होते. संख्येची किंमत जागी करण्याचे काम प्रामुख्याने डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला असलेल्या पार्श्विका खंडातील एका खोल घडीशी जोडले जाते. म्हणजे एक यंत्रणा किमती पुरवते आणि दुसरी त्यांतली कोणती कामाची ते ठरवते. अक्षरांच्या प्रयोगांतून १९९२ साली असेही दिसले होते की नुकताच एक अडथळा पार केलेला असला, तर लगेच पुढे येणारा अडथळा कमी त्रास देतो. एकदा ठेच लागली की पुढची काही पावले आपण खाली पाहून टाकतो, तसाच हा प्रकार आहे.

आता आपल्या भाषेकडे येऊ, कारण इथे मराठी माणसाला स्वतःच्या अनुभवातून सांगण्यासारखे पुष्कळ आहे. लेखनात आपण दशक आधी आणि एकक नंतर मांडतो, परंतु बोलताना एकवीस, बेचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी असे एकक आधी उच्चारतो. शिवाय पन्नास, साठ, सत्तर यांची रूपे जोडशब्दात बदलतात. ‘सत्तर’ मधला स जाऊन ‘बाहत्तर’ मध्ये ह येतो. त्यावर ‘एकोण’ ची भर आहे. ‘एकोणसाठ’ म्हणताना कानावर साठ पडते, पण लिहायला घ्यायचा पहिला अंक असतो पाच. म्हणजे साठ हा शब्द ऐकू येताच उमटू पाहणारा सहा थोपवायचा, एक मागे जायचे, आणि मग ५९ लिहायचे. घड्याळातही तेच: ‘पावणेसात’ म्हटले की सात ऐकू येतात, पण तासकाटा असतो सहा आणि सात यांच्या मध्ये. लहान मुलांना पावणे शिकवताना जो त्रास होतो, तो मला या कारणाने अजिबात आश्चर्याचा वाटत नाही.

एकक आधी बोलण्याचा मुलांच्या लेखनावर काय परिणाम होतो, याचा काळजीपूर्वक अभ्यास जर्मन भाषेत झाला आहे, कारण तिथेही एकवीसला ‘एक आणि वीस’ असेच म्हणतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या अभ्यासात ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित होत्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या चुकांचे प्रमाण मुलांच्या कार्यरत स्मृतीशी, म्हणजे हातातले काम संपेपर्यंत माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीशी, विशेषतः तिच्या नियामक भागाशी जोडलेले आढळले. तर्काने पाहिले तरी ते पटते. ‘त्रेसष्ट’ ऐकताना मुलाला ‘त्रे’ हातात धरून ठेवावा लागतो, ‘सष्ट’ पूर्ण ऐकेपर्यंत हात रोखावा लागतो, मग सहा आधी उतरवून धरून ठेवलेला तीन नंतर सोडावा लागतो. माझ्या भाचीच्या हाताने नेमका हाच थांबा गाळला होता.

काही मुले यावर स्वतःच एक तोडगा काढतात. ती आधी उजवीकडे तीन लिहितात, डावीकडे जागा सोडतात आणि मग त्या जागेत सहा भरतात. कागदावर हे चालून जाते, पण कळपाटीवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर अंक दाबताना ही सोय राहत नाही. आधी दाबलेला अंक आधीच उमटतो. नॉर्वेमध्ये हीच अडचण टेलिफोनच्या आकड्यांच्या निमित्ताने पुढे आली. तिथेही ‘एक आणि वीस’ असे बोलण्याची रीत होती. दूरध्वनी खात्याच्या आग्रहानंतर तिथल्या संसदेने निर्णय घेतला आणि जुलै १९५१ पासून शाळांत व सरकारी व्यवहारात ‘वीस-एक’ हा क्रम अधिकृत झाला. जुनी रीत तरीही लोकांच्या बोलण्यातून पूर्णपणे गेली नाही.

महाराष्ट्रात हा विषय २०१९ च्या जूनमध्ये वादाचा झाला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली होती. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष असलेल्या दिवंगत मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका जाहीरपणे मांडली होती: जोडाक्षरांनी भरलेली नावे आणि उलटा क्रम यांमुळे मुले सुरुवातीलाच गणिताला बिचकतात, म्हणून त्यांना हा सोपा पर्याय असावा. त्यावर भाषेचे नुकसान होईल, मुले बाजारात गोंधळतील, अशी टीका झाली. माझे मत सांगायचे तर दोन्ही बाजूंच्या काळजीत तथ्य होते, परंतु वाद शब्दांच्या सौंदर्यावर आणि परंपरेवर अडकून राहिला. सात वर्षांच्या मुलाला ‘त्रेसष्ट’ ऐकताना मनातल्या मनात किती उलाढाल करावी लागते, हा जो मूळ मुद्दा होता, त्यावर फार थोडे बोलले गेले. ‘त्रेसष्ट’ हा शब्द टिकायलाच हवा, तो माझ्याही जिभेवरचा आहे. पण ‘साठ तीन’ ही काही महिन्यांची कुबडी कोणा मुलाला मिळाली, तर तिच्यामुळे मराठी लंगडी होत नाही.

पाढ्यांमध्ये आवराची गरज आणखी एका रूपात दिसते. आपण पाढे लयीत पाठ करतो आणि ती लय उपयोगी आहे, कारण ‘सात आठे’ म्हणताच ‘छप्पन्न’ आपोआप जिभेवर येते. परंतु त्याच वेळी ‘सहा नवे चोपन्न’ ही शेजारीच असते, आणि चोपन्न व छप्पन्न यांची नावेही एकमेकांच्या अंगावर पडणारी. पाढ्यांतली उत्तरे ही एकाच वाड्यात राहणाऱ्या बिऱ्हाडांसारखी असतात. एकाची कडी वाजवली की शेजारचेही दार उघडते. प्रयोगांत याचा पुरावा असा मिळतो: ‘३ + ४ = १२, बरोबर की चूक?’ असे विचारले, तर ‘चूक’ म्हणायला लोकांना ‘३ + ४ = ११’ नाकारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण बारा हे त्याच दोन अंकांच्या गुणाकाराचे खरे उत्तर आहे आणि ते न बोलावता हजर होते.

बेल्जियममधील अलिस द विशर आणि मारी-पास्काल नोएल यांनी २०१३ साली एका प्रौढ स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला संख्यांची समज होती, परंतु गुणाकाराची उत्तरे काही केल्या पक्की होत नव्हती. त्यांच्या तपासणीत असे दिसले की एकमेकांसारख्या गोष्टी लक्षात ठेवताना त्या एकमेकांत मिसळू न देण्याची तिची क्षमता दुबळी होती. पाढे हे त्याच त्याच दहा अंकांचे पुन्हा पुन्हा केलेले मिश्रण असल्याने तिच्यासाठी ते विशेष निसरडे ठरत होते. वर्गात ‘पाढे पाठ नाहीत’ म्हणून ज्यांना उभे केले जाते, त्यांच्यातल्या काहींची अडचण आळसाची नसून अशी असू शकते. अशा मुलांना सातचा आणि आठचा पाढा एकाच आठवड्यात घोकायला लावण्यापेक्षा सारखी वाटणारी उत्तरे एकमेकांपासून लांब ठेवून शिकवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

‘हातचा’ या शब्दाकडेही जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ४७ आणि ३८ यांची तोंडी बेरीज करताना आपण ‘सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक’ असे म्हणतो. तो एक खरोखरच मनाच्या हातात धरून ठेवावा लागतो, तोवर चार आणि तीन सात करावे लागतात आणि मग धरलेला एक त्यात मिळवून ८५ सांगावे लागतात. २००१ साली मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी लोकांना काही अक्षरे लक्षात ठेवायला सांगून त्याच वेळी अशी हातच्याची बेरीज करायला लावली. ज्यांना गणिताची भीती वाटत होती, त्यांच्या चुका या दुहेरी ओझ्याखाली खूपच वाढल्या. भीती म्हणजे मनात सतत चाललेले ‘चुकेल, चुकेल’ हे पुटपुटणे, आणि ते हातच्यासाठी लागणारीच जागा अडवून बसते. फळ्यापाशी उभे करून, छडी नसली तरी सगळ्या वर्गाच्या नजरा रोखून, मुलाला तोंडी हिशेब विचारणे म्हणजे त्याच्या हातातून हातचा काढून घेणेच होय.

एका नियमावरून दुसऱ्यावर वळण्याचा खर्चही फार जुन्या काळापासून मोजला गेला आहे. १९२७ साली आर्थर जेर्सिल्ड यांनी लोकांना संख्यांच्या याद्या देऊन एकदा मिळवणी, एकदा वजाबाकी असे आळीपाळीने करायला लावले. निव्वळ मिळवणी किंवा निव्वळ वजाबाकीच्या याद्यांपेक्षा त्यांना अधिक वेळ लागला.

लहान वयात आवर किती मूलभूत असतो, हे गोट्यांच्या एका साध्या खेळातून कळते. दोन रांगांत सारख्याच गोट्या मांडा, मग मुलाच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरवून लांब करा. पाच वर्षांचे मूल बहुधा लांब रांगेत गोट्या जास्त आहेत असे सांगते. जाँ पियाजे यांनी यावरून त्या वयात संख्येची कल्पना अजून पक्व झालेली नसते असा निष्कर्ष काढला होता. त्यांच्यानंतर फ्रान्समधील ऑलिव्हिए हुदे यांनी वेगळे मत मांडले: ‘लांब म्हणजे जास्त’ हा ठोकताळा रोजच्या जगण्यात इतक्या वेळा खरा ठरलेला असतो की मुलाला तो दाबता येत नाही, खरी उणीव त्या दाबण्याची आहे. मला हे मत अधिक पटते, कारण मोठ्या वयातही हाच नमुना दुसऱ्या वेशात समोर येतो. ‘रमाकडे ८ पेरू आहेत. ते सईकडच्या पेरूंपेक्षा ३ ने जास्त आहेत. सईकडे किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ हा शब्द दिसताच कित्येक मुले ८ आणि ३ मिळवून ११ लिहितात. आपणच त्यांना ‘जास्त म्हटले की मिळवा’ असे शिकवलेले असते.

दशांश अपूर्णांकात ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठे वाटते, कारण पंचवीस हे तीनपेक्षा मोठे असल्याची सवय आडवी येते. १/५ हे १/४ पेक्षा मोठे वाटते, तेही त्याच कारणाने. शिकलेल्या प्रौढांनाही अशा उलट्या जोड्यांत किंचित अधिक वेळ लागतो, म्हणजे जुनी सवय पुसली जात नाही, ती फक्त दरवेळी आवरली जाते. दुकानातल्या किमतीही याच फटीचा फायदा घेतात. मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ यांनी २००५ साली दाखवले की किंमत ३.०० वरून २.९९ केली, म्हणजे सर्वात डावीकडचा अंक बदलला, तर ती बरीच कमी वाटते, ३.६० ची ३.५९ केली तर तसे वाटत नाही. ४९९ रुपयांच्या चपलेवरच्या चिठ्ठीत चार हा अंक आपले काम करून जातो, आणि मागून येणाऱ्या दोन नवांना दाद मिळत नाही.

या सगळ्याचा गणितातल्या यशाशी किती संबंध आहे, हा प्रश्न साहजिकच उरतो. ठिपक्यांच्या दोन पुंजक्यांपैकी कशात ठिपके जास्त आहेत हे न मोजता ओळखण्याची क्षमता आणि शाळेतले गणित यांचा संबंध २००८ साली दाखवला गेला होता आणि त्यावरून उपजत ‘संख्याबुद्धी’ची बरीच चर्चा झाली. २०१३ साली ब्रिटनमधील कॅमिला गिलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक महत्त्वाची अट लक्षात आणून दिली. ज्या चित्रांत संख्येने कमी असलेले ठिपके आकाराने मोठे असतात, तिथे आकाराला भुलून न जाता संख्या पाहावी लागते. आणि गणिताशी संबंध दिसला तो मुख्यतः अशाच चित्रांत. मुलांची आवर घालण्याची क्षमता हिशेबात घेतल्यावर ठिपके ओळखण्याच्या कौशल्याचा उरलेला संबंध नाहीसा झाला. संख्याबुद्धी म्हणून जे मोजले जात होते, त्यात आवराचा वाटा मोठा होता.

यावरून कोणी मेंदूला व्यायाम देणाऱ्या खेळांची वर्गणी भरायला निघाले, तर मी त्यांना थांबवीन. कार्यरत स्मृतीच्या प्रशिक्षणावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली मोनिका मेल्बी-लेर्व्होग आणि चार्ल्स ह्यूम यांनी घेतला, तेव्हा त्या खेळांतली प्रगती अंकगणितापर्यंत पोहोचत असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. नियंत्रण ही काही वेगळी काढून वाढवण्याची मांसपेशी नाही. ते ज्या कामात लागते त्या कामातच तयार होते. म्हणून उपाय साधे आणि जागच्या जागी करण्याचे आहेत. ०.२५ आणि ०.३ एकाच ओळीत लिहून ‘इथे काय फसवते आहे?’ असे मुलालाच विचारावे. हातचा डोक्यात न ठेवता वर लिहू द्यावा. ‘जास्त’ या शब्दाखाली रेघ मारायला शिकवण्याऐवजी गोष्ट चित्रात काढायला सांगावी.

भाचीच्या बाबतीत आम्ही एक छोटी गोष्ट केली. संख्या पूर्ण ऐकून होईपर्यंत पेन्सिल कागदाच्या वर धरायची आणि ऐकलेला शब्द स्वतःशी एकदा म्हणून मगच ती टेकवायची. पहिले काही दिवस तिच्या ओठांची हालचाल दिसायची, ‘त्रेसष्ट... साठ आणि तीन’. मग ती दिसेनाशी झाली. मी स्वतः अजूनही फोनवर कोणाला खाते क्रमांक सांगताना ‘अठ्ठ्याण्णव, सत्तेचाळीस’ असे जोडीने सांगत नाही. ‘नऊ, आठ, चार, सात’ असे एकेक अंक सांगतो, कारण पलीकडच्या माणसाचे बोट कळपाटीवर असते आणि आठ आधी ऐकला की ते आठवरच जाते.